जावयाने मागितलेली येझदी

सासुरवाडीला धोंडे जेवायला येणारा जावई पिशवीत दोन हेल्मेट घेऊन उतरतो, तेव्हाच घरातल्यांच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. दिपमालाच्या पडला. बाकीचे जावईबापूंच्या पायावर पाणी घालण्यात गुंतले होते.

भूपेंद्र जळगावचा, पिंप्राळ्यात राहणारा. टाइल्सचं दुकान चांगलं चालायचं. दारात चारचाकी होती, आणि ती घेऊन मिरवत यायची त्याला कोण हौस. पण त्या दिवशी तो बायकोला घेऊन रेल्वेने आला. नरडाण्याच्या स्टेशनवरून रिक्षा करून, घामाघूम होऊन, तरी चेहऱ्यावर हसू. हेमलता मागे पिशव्या सांभाळत होती. दिपमालाने मोठ्या बहिणीच्या हातातली जड पिशवी घेतली आणि आत डोकावली. एक हेल्मेट काळं, एक लाल. दोन्हींवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं.

"अक्का, हे कसाले?" तिने विचारलं.

"त्यास्ले इचार," हेमलता म्हणाली आणि आईला मदत करायला चुलीकडे गेली.

कशाला ते दिपमालाला पक्कं ठाऊक होतं. ओट्याच्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली तिची येझदी उभी होती.

तिची म्हणजे कागदावर वडिलांची, झुलाल नानांची. तरुणपणी नानांनी हौसेने घेतलेली, काळ्या टाकीची, दोन सायलेन्सरची. नानांचे गुडघे गेले तशी गाडी गोठ्यात गेली आणि तिच्या सीटवर कोंबड्या बसायला लागल्या. तिला तिथून बाहेर काढलं दिपमालाने. ती नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या लॅबमध्ये होती. लग्न केलं नव्हतं, आणि ते का केलं नाही हे विचारून विचारून गाव थकलं होतं. तिच्या डोक्यात एकच वेड होतं. कच्छच्या टोकापासून अरुणाचलच्या टोकापर्यंत, देश आडवा कापायचा. एकटीने. जुन्या गाडीवर, कारण जुनी गाडी रस्त्यात रुसली तर तिची समजूत आपल्या हातांनी काढता येते, नवीला कॉम्प्युटर लागतो.

गाडी निवडायला तिने एक वर्ष घालवलं. तिची परीक्षाही और होती. विकणाऱ्याची गाडी रस्त्याच्या कडेला अलगद आडवी करायची आणि एकटीने पुन्हा उभी करायची. जी उचलता येत नाही ती आपली नाही. जळगावात मेहरूणला एक जुनी बुलेट पाहिली. देखणी होती, आवाज तर असा की गल्लीतली म्हातारी माणसं खिडकीत यायची. दिपमालाने ती आडवी केली आणि मग उचलता उचलेना. मालक तोंड वाकडं करून म्हणाला, "बाई, गाडी घ्यायची आहे की कुस्ती खेळायची आहे?" धुळ्याला एक राजदूत पाहिली. ती उचलली गेली, पण तिचे सुटे भाग शोधायला देवाला साकडं घालावं लागलं असतं. शेवटी गोठ्यातल्या कोंबड्या उडवून तिने येझदी आडवी केली. ती एका दमात उभी राहिली. दोन पान्यांत निम्मं इंजिन उघडतं, किकचाच दांडा खाली वळवला की गिअरचा दांडा होतो, नाटकं कमी. निवड झाली. मग रविवारमागून रविवार काळे हात, नखांत ग्रीस, आणि आईची बडबड.

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का आणि दाजी आले होते. जेवताना दिपमालाने उत्साहाच्या भरात सगळं सांगून टाकलं. रस्ता, मुक्काम, दिवाळीनंतर निघायचं, सगळं. तिथे ती चुकली. भूपेंद्र आमरसाची वाटी तोंडाला लावून हसला होता. "बाईमाणसाने एकटीने? आणि त्या डबड्यावर?" पंधरा दिवसांनी त्याने फोटो टाकला. जळगावच्या कुठल्याशा रायडर मंडळींसोबत, छाती काढून. खाली लिहिलं होतं, दिवाळीनंतर कच्छ ते अरुणाचल, फक्त जुन्या गाड्या. रस्ता तिचा, मुक्काम तिचे, दिवाळीसुद्धा तिचीच. दिपमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोन करून विचारलं तर तो म्हणाला, "रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?"

रस्ता बापाचा नव्हता. गाडी होती, आणि आता तीही उचलायला तो आला होता.

या माणसाला गाडी निवडताच येत नव्हती, हे तिला अक्काकडून कळलं होतं. त्याने पाहिलेल्या गाड्यांची परीक्षा म्हणजे शेजारी उभं राहून फोटो काढायचा. फोटोत पोट दिसलं की गाडी नापसंत. मेहरूणची तीच बुलेट त्याने पाहिली, त्याच्या मापाने ती बुटकी निघाली. मग कधीतरी त्याला सासऱ्याची काळी टाकी आठवली, आणि कॅलेंडरात अधिक महिना दिसला.

अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी एकदा येतो. लेक-जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, दोघांना लक्ष्मी-नारायण समजून पाटावर बसवायचं, वाण द्यायचं. कुणी चांदीची वाटी देतो, कुणी कपडे, ज्याला झेपतं तो अंगठी. आणि जावयाने तोंडाने काही मागितलं तर सासरा नाही म्हणत नाही. म्हणजे म्हणू शकतो, पण मग भाऊबंदांत त्याला मान वर करून चालता येत नाही. बाकीच्या दिवसांत भूपेंद्रने गाडी मागितली असती तर नानांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. भूपेंद्र टाइल्स विकून मोठा झाला होता, कुठल्या दिवशी काय मागावं हे त्याला कळत होतं.

दुपारी भाऊबंदांतली चार माणसं ओट्यावर जमली. भागाबाईने, म्हणजे आईने, लेक-जावयाला ओवाळलं. पितळी ताटात धोंडे, अनारसे, दिवा आणि एक पाकीट. नाना गुडघे धरत कसेबसे खाली बसले. हातात तांब्या घेतला. जावयाच्या ओंजळीत पाणी सोडलं की वाण दिलं गेलं, मग माघार नाही.

"जवाईबापू, गोड मानी ल्या," नाना म्हणाले. "काही कमीजास्त व्हयनं तं सांगा."

झालं. इतकीच फट त्याला हवी होती.

"नाना, पाकीट राहू द्या," भूपेंद्र म्हणाला. आवाज एकदम मऊ, तुपात बुडवलेला. "मला तुमची आठवण पाहिजे. ती येझदी द्या. ह्या वयात तुमची गाडी देश फिरून येईल, तुमचंच नाव होईल."

ओट्यावरचे भाऊबंद वा वा करायला लागले. नानांच्या हातातला तांब्या थबकला. त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात दिपमाला उभी होती.

"ती गाडी दिपू चालाडस," नाना हळूच म्हणाले.

"दिपाला मी नवी स्कूटी घेऊन देतो ना," भूपेंद्र म्हणाला. "ऑफिसला जायला तीच बरी. काय गं दिपा?"

दिपमाला बोलली असती तर ताट उलथवून बोलली असती, आणि मग नाना खाली मान घालून बसले असते. ती अक्काकडे बघत राहिली. अक्का पाटावर नवऱ्याच्या शेजारी बसली होती. वाण दोघांचं असतं, जोडप्याचं. अक्काने नुसतं 'नको' म्हटलं असतं तरी पुरे होतं. अक्काने पदर सारखा केला आणि पाटावरच्या रांगोळीकडे पाहत बसली. नानांनी पाणी सोडलं.

त्या क्षणी दिपमालाला जावयाइतकाच बहिणीचा राग आला. खरं तर जास्त. तो परका होता. ही घरची असून मुकी बसली.

ऊन कलल्यावर दोघं निघाली. बेटावद, अमळनेर, धरणगाव करत रात्र पडायच्या आत जळगाव. भूपेंद्रने काळं हेल्मेट घातलं, गाडीवर बसून आधी फोटो काढून घेतला, आणि मग किक मारायला लागला. चार-सहा लाथांनंतर गाडी लागली. दिपमाला चौकटीला टेकून बघत होती.

"पेट्रोल?" त्याने विचारलं.

"रिझर्व्हले शे. पंपापर्यंत पुरी."

"फुल करून घेतो. आणि ऑइल पाहिलंय ना?"

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. या गाडीला ऑइलची वेगळी टाकी नसते. टाकीत पेट्रोल भरताना दर वेळी त्यातच मोजून ऑइल मिसळावं लागतं. नुसत्या पेट्रोलवर ती चालते, थोडा वेळ मजेत चालते, आणि मग तापून आतला पिस्टन जागच्या जागी धरतो, म्हणजे अडकून बसतो. भूपेंद्रकडे कॉलेजात जी गाडी होती तिला ऑइलची टाकी वेगळी होती, एकदा भरली की महिनाभर बघायला नको. त्याला वाटलं, हीसुद्धा तशीच. म्हणून त्याने असं विचारलं.

दिपमालाला त्याची चूक लख्ख दिसली. एक वाक्य सांगायचं होतं. ते तिच्या जिभेवर आलंही. पण समोर तो तिच्या सीटवर बसून आरशात स्वतःला न्याहाळत होता, आणि तिच्या मनात आलं, जळू दे. माझी नाही तर कुणाचीच नाही. अर्ध्या वाटेत बंद पडू दे, ढकलत ने म्हणावं जळगावला.

तिने मान हलवली. हो, पाहिलंय.

हेमलता लाल हेल्मेट घालून मागे बसत होती. बसता बसता तिने धाकटीकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. दिपमालाने नजर वळवली. गाडी गल्लीच्या वळणावर निळसर धूर सोडून दिसेनाशी झाली, आणि खरं सांगायचं तर दिपमालाला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं.

ते सुख भांडी घासेपर्यंत टिकलं. आई उष्टी ताटं उचलता उचलता आपल्याशीच बोलत होती.

"हेमीना मांडीवर धोंडास्ना डबा, खांदाले पिशवी. धरी कसाले ती? एक हातघाई बसनी व्हई."

दिपमालाचा हात घासणीवरच राहिला. इतका वेळ तिला गाडी बंद पडलेली दिसत होती, आणि तिच्या शेजारी घामाघूम भूपेंद्र. मागे बसलेली अक्का तिला दिसलीच नव्हती. पिस्टन धरतो तेव्हा गाडी हळूहळू बंद पडत नाही. मागचं चाक जाम होतं, चालत्या गाडीत, एकदम. मागे बसलेल्याने एका हाताने धरलेलं असलं तर तो कुठे जाऊन पडतो, हे तिला लॅबमध्ये शिकवायची गरज नव्हती.

तिने ओल्या हातांनीच फोन लावला. भूपेंद्रने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. त्याला वाटलं असणार, रडायला फोन करते. तिसऱ्यांदा लागलाच नाही. अक्काचा वाजत राहिला, कुणी उचलला नाही. दिपमालाने शेजारच्या वनाभाऊंची मोटारसायकल मागितली आणि चप्पल न घालताच निघाली. मागून नाना काहीतरी विचारत होते. तिने ऐकलं नाही.

बेटावद मागे पडलं तरी ते दिसले नाहीत. रस्त्यावर भट्टीसारखी हवा होती. ती मनातल्या मनात गाडीशी भांडत होती, चाल, अजून थोडी चाल, अमळनेरपर्यंत चाल. स्वतःला शिव्या देत होती. दाजीलाही देत होती, सवय जात नाही. एका कापसाच्या शेताजवळ वळणावर तिला दोन-तीन माणसं उभी दिसली, आणि डांबरावर एक काळा ओरखडा, लांबलचक.

येझदी कडेला आडवी पडली होती. हेमलता बाभळीखाली बसली होती. कोपरापासून मनगटापर्यंत सालटं निघालेलं, साडी गुडघ्यावर फाटलेली, लाल हेल्मेटला मधोमध तडा. ती जिवंत होती, पाणी पीत होती. दिपमाला तिच्याजवळ जाऊन मातीत बसली. भूपेंद्र पलीकडे एका छोट्या टेम्पोवाल्याशी हात उडवत बोलत होता. त्याच्या शर्टाची बाही फाटली होती, बाकी धडधाकट.

"अक्का," दिपमाला म्हणाली. "जास्त लागनं का?"

हेमलताने पाण्याची बाटली बाजूला ठेवली. आवाज शांत होता, आणि तो शांतपणाच वाईट होता.

"पेट्रोलमा ऑइल टाकनं पडस, हाई तू त्यास्ले सांगं नही."

"तुले माहीत व्हतं?"

"नानासंगे पंपवर कोन जाये? तू तं पाळनामा व्हती. ऑइलनं माप मन्हा हातमा राहे."

"मंग तू बसनी कसाले? दाजीस्ले सांगं का नही?"

"बठ्ठा लोकस्ना समोर सांगं असतं तं त्यास्नी तुन्ही इज्जत काढी असती. नानानी बी." हेमलताने फाटलेला पदर कोपराभोवती गुंडाळला. "माले वाटनं, मी मांगे बसनू म्हनजे तू दारमाईन हाक मारशी. मंग वाटनं, पंपवर फोन करशी. मन्हा फोन बी त्यास्ना खिशामा व्हता, तरी कान तठेच व्हता मन्हा. पंप गया. बेटावद गयं. तरी माले वाटे, मन्ही बहीन शे, इतलं नही करनार."

"मी फोन करा व्हता. आनि मी उनू ना, अक्का."

"उनी," हेमलता म्हणाली. "मी पडनू तव्हय उनी."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"ती गाडी तुलेच भेटनार व्हती," हेमलता पुढे म्हणाली, आता तिच्या स्वरात नुसता कंटाळा होता. "त्यास्ना कोनता नाद दोन महिना टिकेल शे? जिम टिकनी का, कॅमेरा टिकना का? दिवाळीना आगोदर मीच आनी देनार व्हतू. पाटवर बसीसन हाईच इचार करी ऱ्हायनू व्हतू."

भूपेंद्र तरातरा आला. दिपमालाला पाहून त्याचा पारा आणखी चढला.

"आलीस? बघ तुझं रत्न. जीव घेतला असता आज. मी विचारलं होतं ना ऑइल पाहिलंय म्हणून? तू मान हलवली होतीस, का नाही? सांग."

आता सांगायचं होतं. हो, हलवली, मुद्दाम हलवली. दिपमालाने तोंड उघडलं.

"तिनं सांगितलं होतं मला," हेमलता मध्येच म्हणाली. "पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल टाकायला लावा म्हणून. आत चुलीपाशी सांगितलं होतं. मीच विसरले."

भूपेंद्र तिच्याकडे वळला. पुढे जे बोलला ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस इथून सुरुवात करून तो तिच्या माहेरापर्यंत, तिच्या शिक्षणापर्यंत, बावीस वर्षांच्या संसारापर्यंत गेला. टेम्पोवाला, शेतातले मजूर, सगळे ऐकत उभे होते. हेमलता रक्ताळलेला हात मांडीवर घेऊन खाली मान घालून ऐकत होती, मघाशी पाटावर बसली होती तशीच. एकदाही तिने धाकटीकडे पाहिलं नाही.

दिपमालाला बोलता आलं असतं. एक वाक्य होतं, दुपारच्या वाक्याइतकंच लहान. ती बोलली तर अक्काची सुटका होणार होती आणि तिचं माहेर नासणार होतं. नानांना कळणार होतं, आईला कळणार होतं, गावभर होणार होतं. तिने बोलायचं ठरवलं, आणि भूपेंद्र दमून थांबेपर्यंत ती ठरवतच राहिली.

"ने ते भंगार," तो शेवटी म्हणाला. "दारात नको मला. नानांना सांग, पावलं सगळं."

अमळनेरकडे जाणारी एसटी त्याने हात करून थांबवली. हेमलता उठली, लंगडत चढली. दिपमाला आधार द्यायला पुढे झाली तर तिने दांडीला धरलं, बहिणीचा हात धरला नाही. बस हलली तेव्हा खिडकीतून भूपेंद्रचा आवाज अजून ऐकू येत होता.

मजुरांनी विचारलं, "ताई, गाडी चढावू का टेम्पोमा?" दिपमाला नको म्हणाली. तिने येझदीचं हँडल धरलं, पाय रोवले आणि एकटीनेच ती उभी केली.